चिंचेनं घासलेलं कडं

आज बायकोनं नातीच्या बारशासाठी तांब्याचं घंगाळ चिंचेनं घासलं आणि त्या आंबट वासानं मला सावनेरजवळच्या माळावर नेलं.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. दगडी वर्तुळांखालची अडीच हजार वर्षांपूर्वीची दफनं आम्ही उकरत होतो. नोंदवही माझ्याकडे असायची. मोठ्या माणसांजवळ मडकी, कुऱ्हाडी निघत. एका खड्ड्यात मात्र माझ्या दोन बोटांत बसेल एवढं तांब्याचं कडं निघालं, हिरवा थर चढलेलं. नुसती माती झाडायला म्हणून मी ते कामावरच्या कौसाबाईकडे दिलं. जेवणाच्या सुट्टीत तिनं डब्यातल्या चिंचेनं घासून ते लखलखीत करून आणलं. तपासणीला हवा असलेला थरच गेला. मी सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडलो.

“लेकराचं होय जी ते, साहेब,” ती म्हणाली. “हिरवं काहून ठेवाचं? माह्या पोरीले माती देल्ली, तवा तिच्या हातातलं असंच चमकत होतं.”

मी कडं पुडीत बांधलं आणि वहीत लिहिलं: ‘मजुराच्या निष्काळजीपणामुळे खराब.’

वही पुढे वर्षभर माझ्याच ताब्यात होती. ती ओळ मी खोडली नाही.