केनियाबाई

केनियाबाई उभ्या आयुष्यात केनियात राहिल्या त्या जेमतेम दहा-बारा दिवस, आणि त्यातले निम्मे अंथरुणात. पण परत आल्यापासून त्यांचं एकही वाक्य 'आमच्या केनियात' या शब्दांवाचून सुरू झालं नाही. पनवेलच्या स्टँडवर गाडी लागली नाही की, "आमच्या केनियात लोक कसे शांत उभे राहतात!" भोपळा घेताना, "आमच्या केनियात याच्या दुप्पट असतो." भाजीवाली आगरीण एकदा वैतागून म्हणाली, "मंग तिथूनच आनाचा ना बाय, आमी कुठं नाय बोलतो?"

बाई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, करंजाड्यातल्या लहानशा फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या. आमची पनवेलची ख्रिस्ती मंडळी लहान. मुंबईचा एक गट केनियाला सेवेसाठी निघाला, तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी बाईंचं नाव दिलं. सोबतीला मी. माझ्याकडे दुबईच्या न मिळालेल्या नोकरीसाठी काढलेला कोरा पासपोर्ट पडून होता. प्रभूचं पाचारण असंही येतं.

आफ्रिका म्हणजे ऊन, हे मंडळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून आम्ही तिथल्या गरिबांसाठी पातळ फ्रॉक, बनियन आणि उन्हाच्या टोप्या बॅगा भरभरून नेल्या. गाव निघालं उंच डोंगरावर. सकाळी बोललं की तोंडातून वाफ यायची. बाई अशा कुडकुडायला लागल्या की तिथल्या पास्टरच्या बायकोनं नवऱ्याचा जाडजूड कोट त्यांच्या अंगावर चढवला. उघड्यांना वस्त्र द्यायला गेलेल्या बाई प्रत्येक फोटोत उसन्या कोटात आहेत.

या पास्टरीणबाईंचं नाव मामा ग्रेस. तिकडे आईला मामा म्हणतात आणि बाईमाणसाला लेकराच्या नावानं ओळखतात, म्हणून ग्रेसची आई ती मामा ग्रेस. तिसऱ्या दिवशी बाईंचं पोट बिघडलं आणि ताप चढला. आम्ही बाकीचे मुलांना हात धुवायला शिकवत होतो. मुलांचे हात आमच्यापेक्षा स्वच्छ होते. बाई मात्र खाटेवर पडून लहान मुलासारख्या रडत होत्या, "मला पनवेलला न्या गं!" मामा ग्रेस त्यांच्या खाटेशी जमिनीवर झोपली, त्यांना चमच्यानं नाचणीची पेज भरवली, अंग पुसून दिलं. थोडं बरं वाटल्यावर बाईंनी नाशिकच्या बहिणीला फोन केला, "अगं, मामांनी माझं सगळं अंग पुसून दिलं!" पलीकडून जी किंकाळी आली ती मलाही ऐकू आली.

परतल्यावर बाईंनी उपासनेत साक्ष दिली. "मी त्या मातीत स्वतःला ओतलं," त्या म्हणाल्या. एका अर्थी ते खरंच होतं. "तिथल्या बायकांना मी चपाती शिकवली," हे मात्र अजिबात खरं नव्हतं. मामा ग्रेसच्या चपात्या पापुद्रे सुटणाऱ्या, लोण्यासारख्या मऊ. निघायच्या दिवशी बाईंनी त्या चहात बुडवून ताव मारून खाल्ल्या होत्या. मी पुढच्याच बाकावर बसले होते. बाईंनी माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत साक्ष पूर्ण केली. टाळ्या कडाडल्या.

बाईंच्या शेजारी हमीदाभाभी राहायच्या. त्यांना केनिया रोज चहाबरोबर मिळायचा. एकदा त्या मला म्हणाल्या, "आमचे हे सारी उमर मस्कतला होते. घरी आले की एवढंच बोलायचे, उकडायचं फार."

अशी काही वर्षं गेली आणि एक दिवस मामा ग्रेसचा निरोप आला. पास्टरच्या हृदयाचं ऑपरेशन नवी मुंबईत ठरलं होतं. 'बहिणी, तुझ्या घराजवळच येतोय आम्ही.' बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पाळकसाहेब म्हणाले, "आपण प्रार्थना करू." त्यांना उतरवून घ्यायला मंडळीतल्या एकाकडे पाण्याचा प्रॉब्लेम निघाला, दुसऱ्याकडे मुलीची परीक्षा. स्टेशनजवळच्या लॉजवाल्यानं त्या दोघांना नुसतं बघितलं आणि सांगितलं, रूम नाही. शेवटी बाईंनी त्यांना रिक्षात घालून घरी आणलं, तर गेटवर सोसायटीचे सेक्रेटरी आडवे.

"बाई, आफ्रिकन लोक नकोत हां. मीटिंगमध्ये ठरलंय आपलं."

रिक्षात पास्टर डोळे मिटून बसले होते. त्यांचे ओठ सुकले होते. मामा ग्रेसला भाषा कळत नव्हती, पण अर्थ कळला होता. तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. बाई एकदा तिच्याकडे, एकदा सेक्रेटरींकडे बघत राहिल्या आणि मग मुख्याध्यापिकेच्या आवाजात कडाडल्या, "ही इज अ मिनिस्टर!"

पास्टरला इंग्रजीत मिनिस्टरही म्हणतात. सेक्रेटरींना ते ठाऊक नव्हतं.

"मंत्री? अहो, मग आधी सांगायचं ना! वॉचमन, सामान घे साहेबांचं!"

संध्याकाळी सेक्रेटरींकडून शाल आणि नारळ आला. भाच्याच्या व्हिसाचीही चौकशी झाली. बाई केनियाबद्दल पहिल्यांदाच अक्षरशः खरं बोलल्या होत्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. दोघं महिनाभर राहिली. हमीदाभाभी रोज कालवण पाठवायच्या. मामा ग्रेस आणि त्या, एकमेकींचा एक शब्द कळत नसताना, दुपारभर मासे साफ करत गप्पा मारायच्या. जाण्याआधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी मामा ग्रेसला बोलायला उभं केलं. भाषांतराला अर्थात केनियाबाई.

मामा ग्रेस इंग्रजीत म्हणाली, "आमच्याकडे पाहुणे येतात, शिकवतात, फोटो काढतात आणि जातात. ही आली, आजारी पडली आणि आईसाठी रडावं तशी रडली. हिनं आम्हाला हिची सेवा करू दिली. म्हणून बाकीचे पाहुणे, आणि ही आमची."

बाईंनी भाषांतर केलं, "ती म्हणते, सर्वांचे आभार."

इंग्रजी कळणाऱ्यांनी माना खाली घातल्या. बाईंनी माईक पुन्हा तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "नाही. ती असं नाही म्हणाली." आणि त्यांनी सगळं सांगितलं. पोट, पेज, रडणं, सगळं. चपातीबद्दल तर कोणी काही विचारलंही नव्हतं, तेही सांगितलं. पाळकसाहेबांनी घड्याळाकडे बघून गीत सुरू करायला लावलं. टाळ्या वाजल्या नाहीत.

बाई सुधारल्या असं समजू नका. 'आमच्या केनियात' चालूच राहिलं. पुढच्या वर्षी मंडळीचा दुसरा गट तिकडे निघाला, तेव्हा मार्गदर्शनाला बाईंना बोलावलं. त्या एवढंच म्हणाल्या, "जा, जरूर जा. आणि जमलं तर आजारी पडा." कमिटीनं सामानात औषधांचा एक खोका वाढवला.

गेल्या हिवाळ्यात बाई स्वतः अंथरुणाला खिळल्या. मंडळी गटागटानं भेटायला आली. गीतं म्हटली, बाईंच्या खाटेभोवती उभं राहून फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. बाईंनी प्रत्येक फोटोत डोळे मिटून घेतलेत.

त्या गेल्यावर मी मामा ग्रेसला फोन केला. ती बराच वेळ रडली. मग तिनं विचारलं, "रात्री तिच्याजवळ कोण असायचं?"

"हमीदाभाभी."

"हो, मासेवाली बहीण! ती तुमच्या चर्चची ना?"

"नाही," मी म्हटलं. "शेजारची."

मामा ग्रेसनं हमीदाभाभींचं नाव माझ्याकडून पुन्हा म्हणून घेतलं, सावकाश, एकेक अक्षर. रविवारी प्रार्थनेत घ्यायचं होतं, आणि तिला ते चुकवायचं नव्हतं.