वाकडे खांब

दिवाळे गावच्या धक्क्यावर एक म्हातारा फळ्या जोडून होडी बांधायचा. जोडलेल्या फळीवरून हात फिरवायचा, झोपलेल्या गुराच्या पाठीवरून फिरवावा तसा. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन तिथं बसायचो.

आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. बेलापूरच्या ऑफिसात बसून फ्रान्समधल्या एका गावच्या जुन्या, लाकडी सांगाड्याच्या नगरभवनाचे नकाशे काढायचो. तिथल्या सरकारने वारसा म्हणून जपलेली इमारत. दुरुस्ती माझ्या नकाशावरून होणार. एके दिवशी संध्याकाळपर्यंत तो पाठवायचा होता.

त्या दुपारी मोठ्या तोऱ्यात मी म्हाताऱ्याला फोटो आणि नकाशा दाखवला. फोटोतले वाकडे खांब मी नकाशात सरळ उभे केले होते, चूक सुधारावी तसे.

एका खांबाच्या वळणावरून त्याचं बोट सावकाश फिरलं. "यो झुकला नाय. सुतारानं वाकडा बघूनच आनलाय, भार पेलाला. आमी होडीला तसंच करतो. तू सरल केलास?"

"काका, मी शिकलोय यातलं."

"तो सुतार पन शिकलेलाच व्हता रं."

मी साहेबांना फोन करून एक दिवस मागून घेतला. मग एकेक खांब पुन्हा वाकवत गेलो, आणि मला दिसत राहिलं: कुठल्यातरी परक्या रानात एक माणूस मान वर करून, हवं ते वळण शोधत झाडाझाडांतून हिंडतोय.