गरम दिसलं की डुक्कर

लातुरात क्लासच्या गल्लीत त्याचं कॅमेऱ्याचं दुकान आहे. होस्टेलांना सीसीटीव्ही कॅमेरे विकता विकता तो आता अंधारात बघायच्या दुर्बिणीही विकायला लागलाय. काहीही विचारा, हा आधी शर्टाच्या टोकानं काच पुसणार आणि मग म्हणणार, "बिनधास्त न्या."

आमचा भुईमूग रानडुकरांनी पार उकरून टाकला. परवानावाला शिकारी बोलावला, तर तो म्हणाला, दुर्बीण तुम्ही आणा. त्यापायी त्या दुकानात माझ्या चार खेपा झाल्या. एका दुर्बिणीत आकार नीट दिसतो, पण लांबचं दिसत नाही. दुसरीत अंगाची ऊब लांबूनही दिसते, पण नुसता पांढरा ठिपका. तो सारखी दुसरीच पुढं करायचा.

मी विचारलं, "ठिपक्यावरून माणूस का डुक्कर, कसं ओळखायचं?"

"गरम दिसलं की डुक्कर! रात्री रानात माणूस कशाला मरायला येतो, भाऊ?"

माझं डोकंच फिरलं. भूकंप झाल्यापासून माझा बाप छताखाली झोपत नाही. रानातच, उघड्यावर वाकळ पांघरून पडतो. गावात असे कितीतरी म्हातारे आहेत.

"माझा बाप झोपतो रानात! तुम्ही कुठं झोपता?" मी ओरडलोच.

काच पुसणारा त्याचा हात थांबला. "अंगणात. भूकंपापासून घरात डोळाच लागत न्हाई."

वाटलं, कळलं याला. मी पायरी उतरलो, तोवर औशाचं एक गिऱ्हाईक आत शिरलं. मागून त्याचाच आवाज आला,

"बिनधास्त न्या. गरम दिसलं की डुक्कर."