ओला फडका

बाबांच्या जुन्या गाडीत माय पुन्हा बसेल का, प्रश्न एवढाच होता. त्यासाठी मी त्या गाडीचं कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवलं.

आम्ही सडक अर्जुनीचे. बाबांनी ही गाडी मी शाळेत असताना सेकंडहँडच घेतली आणि वर्षानुवर्षं तिच्यातून गोंदियापर्यंत सवाऱ्या नेल्या. घरातला पहिला पदवीधर मी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून इंजिनिअरिंगपर्यंत पोचलो ते या गाडीच्या जिवावर, असं मी मानतो. बाबा तसं कधी बोलले नाहीत.

उन्हाळ्यात मात्र गाडी रुसायची. तिचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटून होता. इंजिन तापलं की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, पंपाला वाफ काही ओढता यायची नाही आणि गाडी जागेवर बंद. आमच्याकडच्या ड्रायव्हरांचा उपाय एकच, पंपावर ओला फडका. माय सोबत असली की पाण्याची बाटली आणि फडका तिच्या पायाशी असायचा. बाबांनी बोनेट उघडलं की ती न सांगता फडका भिजवून पुढे करायची.

चार उन्हाळ्यांपूर्वी बोदलकशाला मामाकडे निघालो होतो. गोरेगावच्या पुढे भर दुपारी गाडी थांबली. सावलीला झाड नव्हतं. फडका टाकला की वाळायचा, पुन्हा भिजवायचा. मायनं प्यायला पाणी मागितलंच नाही, कारण पाणी गाडीला लागत होतं. तिला ऊन लागलं. दोन दिवस सलाईनवर होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आता या डब्यात मी नाही बसत."

ती बसली नाही. भावाकडे जायचं तर बस बदलत जायची. बाबा तिची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत पायी जायचे. 'गाडीत चल' म्हणायची त्यांची हिंमत होत नव्हती, आणि गाडी विकायचीही नव्हती.

मी नागपूरला एका वर्कशॉपमध्ये नोकरी करतो. यंदा सुट्टी काढून, भंगारात निघालेल्या एका छोट्या गाडीचं सामान घेऊन आलो. कार्बोरेटरच्या जागी इंजिनात पेट्रोल फवारणारी थ्रॉटल बॉडी बसवली. टाकी उतरवून आतला गंज धुतला आणि मागे, टाकीजवळ, इलेक्ट्रिक पंप लावला. आता पेट्रोल मागून दाबानं येणार आणि उरलेलं दुसऱ्या नळीनं टाकीत परत जाणार. गरम इंजिनवर ते थांबूनच राहणार नाही, मग वाफ कुठून होणार? सायलेन्सरच्या पाइपात, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरसाठी, भोक पाडायला गोंदियाला गेलो तेव्हा वेल्डर हसायला लागला. "भैया, लोग छेद बंद करवाने आते हैं, तुम नया करवा रहे हो?"

बाबा रोज शेजारी बसून बॅटरीचा उजेड धरायचे. एक दिवस म्हणाले, "इतका शिकला तू, अन् गाडीच्या पोटात वायरच वायर भरून ठेवल्या. फडका कोठी ठेवाचा आता?"

"फडक्याची गरजच नाही, बाबा."

"हूं," ते म्हणाले.

चावी फिरवली की मागून पंपाचा बारीक आवाज यायचा आणि गाडी लगेच सुरू व्हायची. मे महिन्यात मी मायला विचारलं, मामाकडे गाडीनं येशील का.

"तुया बापानं पाठवलं का तुले?"

"नाही माय, मीच विचारून राहिलो."

तिनं बराच वेळ तांदूळ निवडले. "थांबली त मी उतरून बसनं जाईन. आधीच सांगून ठेवलं बरं."

निघालो. बाबा गाडी चालवत होते, माय त्यांच्या शेजारी, पिशवी मांडीवर घट्ट धरून. पाण्याची बाटली बाबांनी सवयीनं तिच्या पायाशी ठेवली होती. गोरेगावला बाबांनी गाडी बाजूला घेतली तशी ती दचकली. "थांबली काऊन?"

"चहासाठी वो!"

चहा मी आणला. पिऊन झाल्यावर बाबांनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा तेच. माय दार उघडून पिशवीसकट खाली उतरली.

मी बोनेट उघडलं. थ्रॉटल बॉडीवर एक नवा फडका चारी बाजूंनी नीट खोचलेला होता आणि त्यातून पाणी गळत होतं. मी चहा आणायला गेलो तेव्हा बाबांनी ठेवला होता.

"हा काऊन ठेवला जी?" मायनं विचारलं.

बाबा रस्त्याकडे पाहत राहिले. "तुले मागच्यासारखं ऊन लागलं असतं त?"

चूक माझी होती. गरज नाही एवढंच मी सांगितलं होतं, पाणी चालत नाही हे सांगितलंच नव्हतं. भंगारातून आणलेल्या वायरींच्या जोडण्यांचं रबरही झिजलेलं होतं, तिथून पाणी आत शिरलं. मी जोडणी सोडवून रुमालानं पुसली, फुंकली आणि ऊन लागेल अशी धरली. त्या दिवशी ते ऊन कामी आलं.

तेवढ्यात मामाच्या गावाकडे जाणारी तिरोड्याची बस आली. मायच्या हातातली पिशवी पाहून बस थांबली आणि कंडक्टर दारातून ओरडला, "तिरोडा, तिरोडा! चला मावशी!"

बाबांनी पिशवी उचलून द्यायला हात पुढे केला. मायनं ती सोडली नाही.

"जा बाप्पा तू," ती कंडक्टरला म्हणाली. "आमची गाडी आहे."

मग मी बाजूला काढलेला फडका पिळून तिनं बाबांच्या डोक्यावर टाकला. "येथी ठेवत जा. गरम येथीच होते."

जोडणी वाळली. गाडी सुरू झाली. माय आपल्या जागेवर बसली, पायाशी ठेवलेली बाटली उचलली आणि झाकण काढून आधी स्वतः पोटभर पाणी प्याली.