पिना मारलेली पानं

घरात कॉलेज पाहणारा मी पहिलाच; लिहायचं धाडस करतोय, सांभाळून घ्या.

वसतिगृहाच्या वाचनालयात एका सुपरहिरो कॉमिकची शेवटची पानं कुणीतरी पिना मारून बंद केली आहेत. तिथे लेखकाने नायकाच्या आईला मारलंय.

"हात झडोत त्या लेखकाचे," माझा रूममेट सुहास म्हणाला.

"मग पुढच्या अंकाला नंबर का लावलास?"

"शिव्या घालायला, येड्या!"

खरं तर आम्हा दोघांनाही आशा होती. कॉमिकात मेलेली माणसं परत येतात. पण तिला आणणार तोच, ज्याने मारलं. ज्याच्यावर रागवायचं, त्याच्याच तोंडाकडे बघत बसायचं. दुसरं हातात काय असतं?

आज सुहासने मोबाइल पुढे केला. बातमी आठवड्यापूर्वीची होती. लेखक वारला.