तेराव्याचं पॅकेज

कळंबच्या बसस्टँडजवळच्या आमच्या फ्रेमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं, की आधी माझ्या खांद्यावरून आत बघतं आणि विचारतं, ‘मालक कुठायत?’ सोळा वर्षं मी पट्ट्या कापतेय. कोपऱ्याला पट्टी अशी जुळवते, की नख घालायला फट राहत नाही. तरी लोकांच्या मते मालक आतच असतो. आत खुर्चीवर खरंच माझे वडील, अण्णा, बसलेले असतात, त्यामुळं मला फार ओरडता येत नाही. मी ओरडते ती गोष्ट वेगळी.

अण्णांची भाव सांगायची तऱ्हा मला कधीच पटली नाही. हिशेब सरळ आहे. फोटोच्या चारी बाजू मोजायच्या, पट्टीचा फुटाचा दर लावायचा, त्यात काच, मागचा बोर्ड आणि मजुरी मिळवायची. पाच मिनिटांत आकडा सांगून मोकळं व्हावं. पण अण्णा आधी विचारणार, फोटो कुणाचा, कुठल्या भिंतीला लावणार, तिथं ओल येते का, शेजारी आणखी कुणाचा फोटो आहे. मग चहा. मग गिऱ्हाइकाच्या विहिरीला पाणी किती उरलंय ते. भाव सगळ्यात शेवटी. एका निवृत्त गुरुजींच्या मानपत्रासाठी त्यांनी एकदा पाऊण तास घालवला, आणि एवढं करून गुरुजींनी वर घासाघीस केलीच. मागं चार माणसं ताटकळत उभी होती आणि मी दातओठ खात काच पुसत होते.

अण्णांचे गुडघे गेले आणि गल्ला माझ्याकडं आला, तेव्हा मी पहिलं काम केलं ते छापील पावतीचं. साइज, पट्टीचा नंबर, काच, न्यायचा दिवस. खाली एक चौकोन, ‘तेराव्यासाठी’. त्यात बरोबरची खूण केली की पुढचं सगळं ठरलेलं: फोटो मोठा करायचा, मागं निळा रंग, काळी पट्टी, चंदनाचा हार. सगळं मिळून साडेनऊशे. दुःखातल्या माणसाला प्रश्न विचारून कशाला पिडायचं, असं मी अण्णांना ऐकवलं होतं.

त्या पॅकेजमध्ये आणखी एक काम धरलेलं होतं, कारण ते आमच्या धंद्यात न सांगता होतं. गेलेल्या माणसाच्या फोटोत जिवंत माणूस ठेवायचा नाही. हार एकाला घातला की शेजारच्यालाही पडतो, आणि जित्या माणसाच्या फोटोला हार म्हणजे अभद्र. म्हणून लग्नातल्या, सहलीतल्या फोटोतून आम्ही गेलेलं माणूस तेवढं वेगळं काढतो. खांद्यावर कुणाचा हात असला तर तोही पुसतो.

गेल्या हिवाळ्यात एक म्हातारे शेतकरी आले. जवळच्याच खेड्यातले, सत्तरी ओलांडलेले. टॉवेलात गुंडाळलेली जुनी फ्रेम त्यांनी काउंटरवर ठेवली आणि सोडायला लागले, तर वाळवीचा भुसा माझ्या नुकत्याच पुसलेल्या काचेवर सांडला. माझ्या कपाळाला आठी पडली असणार. फोटोत नवरा-बायको शेजारी शेजारी उभे, मागं स्टुडिओचा रंगवलेला पडदा.

‘कोण गेलं, मामा?’

‘आमची मंडळी. मंगळवारी तेरावा हाय.’ त्यांनी बायकोवर बोट ठेवलं. ‘पट्टी खाल्ली बगा वाळवीनं. नवी बसवा. जुना हाय फोटो, सांभाळून.’

मी चौकोनात खूण केली, भाव सांगितला, पावतीवर अंगठा आणि निम्मे पैसे घेतले. ते थोडा वेळ उभेच राहिले, कुणी काही विचारेल या आशेनं माणूस राहतो तसे. तेवढ्यात माझा फोन वाजला. ‘सोमवारी सकाळी या, मामा,’ म्हणून मी त्यांना वाटेला लावलं.

फोटो काचेला चिकटलेला होता. ओलीच्या भिंतीवर वर्षानुवर्षं राहिलेला फोटो असाच काचेला धरतो. अशा वेळी तो ओढायचा नसतो, काचेवरूनच त्याचा फोटो घ्यायचा असतो. पण काच चमकते, त्यात तास जातो, आणि तो तास साडेनऊशेत बसत नव्हता. बाईंची बाजू बरीचशी सुटी होती, चिकटली होती ती नवऱ्याची. मी पातळ पातं घातलं आणि ओढलं. फोटो मधोमध फाटला, बाईंची बाजू अख्खी हातात आली आणि नवरा काचेवरच राहिला. खरं सांगते, मला हायसं वाटलं. जिवंत माणसाची बाजू होती, ती तशीही काढायचीच होती.

सोमवारी ते आले. निळ्या रंगावर बायको, गळ्यात चंदनाचा हार. काम सुबक झालं होतं. त्यांनी फ्रेम हातात धरली, लांब नेली, जवळ आणली.

‘मी कुठं हाय ह्यात?’

‘तुम्ही आहात ना, मामा, म्हणून काढलं. हार असतो त्याला.’

‘हार कुनी सांगितला व्हता? पट्टी बदला म्हनलं व्हतं म्या.’

माझा स्वभाव असा, की माझी चूक असली की माझा आवाज आधी चढतो. मी पावती काढून त्यांच्यापुढं धरली, ही बघा खूण, हा तुमचा अंगठा. अंगठा म्हणताना माझी मलाच शरम वाटली. ज्या माणसाला वाचता येत नाही त्याला मी कागद दाखवत होते.

ते पावतीकडं बघतही नव्हते. ‘आमचा दोघांचा ह्योच एक फोटो व्हता, बाई. लग्नात फोटोवाला न्हवता. तुळजापूरला दर्शनाला गेलो तवा काढला. ती लई लाजायची, तोंडच वर करंना. म्या कानात कायतरी बोललो तवा हसली.’ त्यांनी काचेवर बोट ठेवलं. ‘आता कुनाकडं बगून हसायलीय ती?’

निळ्या रंगात ती बाई मान किंचित कलती करून खरंच रिकाम्या जागेकडं बघून हसत होती. फोटो दोन दिवस माझ्या टेबलावर होता आणि हे मला दिसलं नव्हतं.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा भिंत धरत बाहेर आले. मला वाटलं, आता चार शब्द ऐकायला मिळणार. त्यांनी एवढंच विचारलं, ‘काच टाकून दिली का?’

काच मोडीत द्यायला भिंतीशी लावून ठेवली होती. अण्णांनी ती उजेडात धरली. नवरा काचेवर शाबूत होता, फक्त बायकोकडची कड फाटलेली. ‘खरवडू नकोस,’ ते म्हणाले. ‘हीच काच घे. बाईंची मूळ बाजू काचेच्या मागून आणून कडेला कड लाव.’

मी तेच केलं. तासभर लागला, दोन गिऱ्हाइकं परत गेली. अण्णा स्टुलावर बसून म्हाताऱ्यांना विचारत होते, कुठल्या भिंतीला लावणार, ओल कुठून येते. खाटेसमोरच्या भिंतीला, ते सांगत होते, मागं गोठा आहे म्हणून ओल. अण्णा मला म्हणाले, मागं प्लॅस्टिक घाल आणि काच नि बोर्डाच्या मध्ये पट्टीचा तुकडा दे, म्हणजे बोर्डाची ओल फोटोला लागणार नाही. हे सगळं मला त्या दिवशीच विचारता आलं असतं.

दोघं शेजारी उभे राहिले. मध्ये डोक्यापासून पायापर्यंत पांढरी रेघ राहिली.

‘रेघ दिसायलीय.’

‘दिसणार, मामा. ती नाही जाणार. चुकलं माझं.’

‘ऱ्हाऊ द्या,’ ते म्हणाले. निळा फोटो तेराव्याला पाटावर ठेवायला तसाच न्या, मी म्हटलं, तर त्यांनी तो पिशवीत घातला. पैसे मी परत करत होते. पट्टीचे त्यांनी मोजून ठेवले, उरलेले घेतले. अण्णांनी मला डोळ्यांनीच सांगितलं, वाद घालू नकोस.

तरी ते जाईनात.

‘अजून एक काम हाय. मी गेल्यावर पोरगं ह्योच फोटो घिऊन तुमच्याकडं येईल. तवा गडबड असती. तुमी तिला आन मला कापून येगळं काढताल.’

‘नाही काढणार, मामा.’

‘तुमी नसताल तर दुसरं कुनी असंल. मागं लिवून ठिवा. कापायचं न्हाय. तवा दोघंबी गेलेलेच असू. दोघांला मिळून एकच हार.’

मी फ्रेम उलटी केली आणि बोर्डावर जाड मार्करनं ठळक लिहिलं.

‘ह्याचं किती?’

काही नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण या माणसाला दुकानदाराच्या मनानं केलेलं काम काय असतं ते एकदा कळलं होतं. फुकट लिहून घेतलेल्यावर त्यांचा भरवसा कसा बसणार? मी म्हटलं, ‘पन्नास.’

त्यांनी लगेच नोट काढून दिली. दर कमी करा म्हणाले नाहीत. मग म्हणाले, ‘आता वाचून दावा.’

मी वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. दुसऱ्यांदा माझ्याच्यानं ‘दोघांना’च्या पुढं वाचवेना, तेव्हा पुढचं त्यांनीच म्हटलं.