मामांनी पेटी उघडली तेव्हा

माझे सासरे पूर्णा जंक्शनवर पॉइंट्समन होते. घरात आम्ही त्यांना मामा म्हणतो. तरुणपणी ते भजनी मंडळासाठी नव्या चाली बांधायचे, पार मानवतपर्यंत लोक त्यांना पेटी वाजवायला बोलवायचे. चाळिशीच्या आत त्यांनी ते एकदम सोडलं. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण पेटी मी कधी उघडी पाहिली नव्हती. तिच्यावर गाद्या रचलेल्या असायच्या.

गेल्या हिवाळ्यात पुण्यात शिकणाऱ्या लेकीनं मोबाइलवर पियानोचं काहीतरी पाठवलं. मी मेथी निवडत ऐकत होते. सूर धावायचे, मधेच थबकायचे, कुणाला तरी वेडावल्यासारखे. मामा दारात येऊन उभे राहिले.

"ह्ये कोण वाजवायलाय?"

लेकीनं लिहिलं होतं ते मी सांगितलं. जुन्या काळचा युरोपातला संगीतकार. संगीत नाटकांनी त्याचं मोठं नाव झालं, आणि चाळिशीच्या आतच त्यानं नाटकं थांबवली. कित्येक वर्षं जवळजवळ गप्प होता. मग म्हातारपणी, घरी जमणाऱ्या मित्रांसाठी, असे चेष्टेचे छोटे तुकडे लिहीत सुटला. एकाला मुळ्याचं नाव दिलं, एकाला लोण्याचं.

"मुळ्याचं?" मामा हसले आणि खालीच बसले. "पुन्हा लाव."

सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "मी बी तसंच सोडलं. लोक वाहवा करायचे. मला मातर कळायचं, जुन्याच चाली उलट्यासुलट्या करायलोय. लय लाज वाटायची."

"आणि आता?"

"आता कशाची लाज?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः गाद्या उतरवल्या. भाता उंदरानं कुरतडला होता, तो परभणीहून दुरुस्त करून आणला. मग पंधरा दिवस खोलीचं दार लावून बसायचे. एका रविवारी दुपारी त्यांनी आम्हाला आणि शेजारच्या निवृत्त गार्डकाकांना बोलावलं.

"ही अंबाडीची भाजी," म्हणाले आणि वाजवायला लागले. सूर असा आंबट वळायचा की आम्ही हसू लागलो. ठेच्याला तर बोटं पोळल्यासारखी पट्ट्यांवरून उडत होती. गार्डकाका डोळे पुसत हसले.

"आता ताक."

आम्ही हसायच्या तयारीतच होतो. पण चाल संथ आली, चारपाचच सुरांची. सुजलेल्या सांध्यांची ती बोटं एकेक सूर ठेवत होती, आणि प्रत्येक सुराआधी मला श्वास रोखावा लागत होता. या माणसाला मी रोज दोन वेळा चहा दिला होता. एवढं सगळं त्यांच्या आत होतं, आणि मला पत्ता नव्हता. गार्डकाकांनी मान खाली घातली.

संपल्यावर मामाच म्हणाले, "लयच पातळ झालं का?"

आता अशा अकरा चाली झाल्यात. परवापासून मामा शेपूची चाल बांधत बसलेत. मी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होऊ देत नाही.